०.१ + ०.२ बरोबर ०.३ येत नाही, तेव्हा काय करायचं

६४ बिटी फ्लोटमध्ये (संगणक दशांश संख्या ज्या रूपात साठवतो त्यात) ही बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी येते. दोष प्रोग्रामिंग भाषेचा नाही. ०.१ हा अपूर्णांक द्विमान पद्धतीत (फक्त ० आणि १ वापरून) कधीच संपत नाही, म्हणून तो ५३ बिटांवर तोडावा लागतो.

पैशांचा हिशेब असेल तर फ्लोट वापरूच नका. रक्कम चलनाच्या सर्वांत लहान एककात, पूर्णांक म्हणून साठवा. खरी फसगत रूपांतरात होते: १९.९९ ला १०० ने गुणलं की १९९८.९९९… येतं, आणि थेट पूर्णांक केला की १९९८ उरतात. एक एकक गायब! म्हणून आधी राउंड करा, मग पूर्णांक करा. त्याहून बरं म्हणजे मूळ मजकुरातच दशांश चिन्हाशी तोडून दोन्ही भाग वेगळे वाचा. १०० चे तीन वाटे करताना ३३, ३३, ३४ असा उरलेला एक कुणाला द्यायचा, हे कोडमध्ये स्पष्ट लिहा.

मोजमापांची तुलना == ने (तंतोतंत समान आहे का, असं विचारून) नको. फरक मोठ्या संख्येच्या १०⁻⁹ पटीपेक्षा कमी आहे का, ते तपासा. सगळ्या संख्यांना एकच ठरावीक मर्यादा पुरत नाही, कारण १०¹⁶ च्या आसपास शेजारच्या दोन फ्लोटांतच २ चं अंतर असतं. शून्याजवळ मात्र ही पटीची, म्हणजे सापेक्ष, तपासणी कोलमडते. तिथे ठरावीक मर्यादाही जोडीला ठेवा.