बाण कुठून काढाचा, सर?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी बी.एस्सी.ला ऑरगॅनिक केमिस्ट्री शिकवतो. दरवर्षी कोणीतरी विचारतंच, "सर, बाण कुठून काढाचा?" म्हणजे अभिक्रिया कशी होते ते वहीत दाखवताना काढतात तो वाकडा बाण. प्रश्न एकदम बरोबर आहे. बाण पाठ केले की पेपरात एक अणू बदलला तरी गाडी अडते.

आधी वही मिटा. काळ्या मातीची ओली गोळी करा (वावरातलीच घ्या, मुरमाची टिकत नाही) आणि खराट्याच्या चार सारख्या काड्या एकमेकींपासून होईल तितक्या दूर खुपसा. अधिकचं चिन्ह झालं तर चुकलं. तीन काड्यांवर टेकवल्यावर चौथी सरळ वर उभी राहिली पाहिजे. हा मिथेन: गोळी म्हणजे कार्बन, काड्या म्हणजे त्याचे हायड्रोजनशी चार बंध, कोन १०९.५ अंश. मग तोच वहीत उतरवा: दोन साध्या रेघा, आपल्याकडे येणारीला भरीव पाचर, मागे जाणारीला तुटक.

आता बाण. अणू कुठं चालला हे तो दाखवत नाही, इलेक्ट्रॉनची जोडी कुठून कुठं गेली ते दाखवतो. ओलिताचं पाणी विहिरीतून वाफ्यात जातं, तसं. हायड्रॉक्साइड आणि मिथिल ब्रोमाइड घ्या. शेपटी ऑक्सिजनच्या लोन पेअरवर (बंधात न अडकलेली इलेक्ट्रॉनची जोडी, दोन ठिपक्यांनी दाखवतात), टोक कार्बनवर. इथंच थांबलात तर कार्बनचे बंध मोजा: पाच! चालतात चारच. म्हणून दुसरा बाण, कार्बन-ब्रोमीन बंधाच्या मधून ब्रोमीनवर. मिथेनॉल आणि ब्रोमाइड मिळाले. प्रभार आधी उणे एक, नंतरही उणे एकच हवा. लोन पेअरचे ठिपके काढायचा कंटाळा करू नका. मी शिकताना केला, आणि ज्याच्याकडे द्यायला इलेक्ट्रॉनच नाहीत त्या एच प्लसपासूनच वर्षभर बाण काढत राहिलो.

बेंझिनचा दोन टोकांचा बाण वेगळा. बेंझिन म्हणजे सहा कार्बनचं कडं; एक आड एक दुहेरी बंध दाखवून त्याची दोन चित्रं निघतात, हा बाण त्यांच्यामध्ये काढतात. दुहेरी बंध घडीत इकडं, घडीत तिकडं, असं पोरं सांगतात. लाजू नका, १८७२ मध्ये केकुले या जर्मन रसायनशास्त्रज्ञानंही असंच काहीसं मांडलं होतं. पण साधा कार्बन-कार्बन बंध १५४ पिकोमीटर, दुहेरी १३४, आणि बेंझिनमधले सहाही १३९. उड्या कोणीच मारत नाही. दोन्ही चित्रं मिळून एकच रेणू.

शेवटी वही शेजाऱ्याला द्या. नुसते बाण पाहून त्याला पुढचा रेणू काढता आला पाहिजे. मागच्या हिवाळ्यात फळ्यावरचा माझाच बाण उलटा निघाला, तेव्हा मागच्या बाकावरून एक पोरगी बोलली, "सर, पानी तं हिरीत चाललं!"