थ्रेशोल्डवर सीव्ही वळवताना या चुका टाळा

व्हीसीव्ही रॅकसारख्या, मॉड्यूल्स केबलने जोडून आवाज घडवायच्या सॉफ्टवेअरमध्ये सीव्ही, म्हणजे इतर मॉड्यूल्सना चालवणारा व्होल्टेजचा सिग्नल, ठरावीक व्होल्टेजच्या, म्हणजे थ्रेशोल्डच्या, वर गेला की एका वाटेने आणि खाली आला की दुसऱ्या वाटेने पाठवायचा, हे काम दिसायला फार सोपे आहे: एक कंपॅरेटर (सिग्नलची थ्रेशोल्डशी तुलना करणारे मॉड्यूल), एक स्विच, चार केबल्स, आणि पॅच, म्हणजे मॉड्यूल्सची जोडणी, तयार. माझ्याकडे तपासायला येणारे बहुतेक बिघडलेले पॅच याच सोपेपणावर विसंबून बांधलेले असतात. कंपॅरेटर निर्णय घेतो, आणि तो निर्णय कोणत्या क्षणी व किती वेळा घ्यायचा हे आपण ठरवून दिले नाही, तर तो प्रत्येक सॅम्पलला, म्हणजे सेकंदाला हजारो वेळा, नव्याने निर्णय घेत राहतो.

चढताना आणि उतरताना एकच थ्रेशोल्ड

ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे. एका परिचित संगीतकाराचा संथ, लांबलचक रचनेचा पॅच होता. त्यात ०.०५ हर्ट्झचा, म्हणजे २० सेकंदांत एक फेरी पुरी करणारा, ±५ व्होल्टचा त्रिकोणी एलएफओ (संथ लाट देणारे मॉड्यूल) होता आणि त्याच्या चालीत थोडा अनियमितपणा यावा म्हणून त्यात ±०.१ व्होल्टचा नॉइज मिसळला होता. हा सिग्नल शून्याच्या वर गेला की कंपॅरेटरचे गेट (चालू-बंद सिग्नल) सिक्वेन्शियल स्विचला, म्हणजे क्रमाने वाटा बदलणाऱ्या स्विचला, एक पायरी पुढे ढकलणार आणि चार स्वरावलींपैकी पुढची सुरू होणार, अशी योजना होती. प्रत्यक्षात पहिलीनंतर कधी तिसरी लागे, कधी चौथी, तर कधी पुन्हा पहिलीच. त्याने स्विच बदलला, बफर वाढवला, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकले आणि शेवटी संगणकाला दोष दिला. गेटला स्कोप (सिग्नलचा आलेख दाखवणारे मॉड्यूल) लावून पाहणे मात्र राहून गेले होते.

स्कोप लावून वेळेची पट्टी ताणल्यावर, जिथे गेटची एकच उभी कड दिसायला हवी होती तिथे उभ्या रेघांचा दाट पट्टा दिसला. हिशेब सरळ आहे. हा एलएफओ सेकंदाला १ व्होल्ट या वेगाने चढतो, त्यामुळे नॉइजची ०.२ व्होल्टची रुंदी ओलांडायला त्याला ०.२ सेकंद लागतात. ४८,००० हर्ट्झच्या सॅम्पल रेटला ही ९,६०० सॅम्पल्स होतात आणि तेवढ्या अवधीत गेट हजाराहून अधिक वेळा चढू शकते. स्विचच्या क्लॉक इनपुटला, म्हणजे पायरी बदलणारे गेट जिथे येते तिथे, आतून संरक्षण असते, असा युक्तिवाद अशा वेळी हमखास होतो. ते संरक्षण छोट्या चढउतारांपुरते असते. कंपॅरेटरमधून निघालेले गेट दर वेळी ० पासून १० व्होल्टपर्यंत पूर्ण उडी घेते, त्यामुळे त्यातली प्रत्येक उडी स्विच इमानदारीने मोजतो.

यावरचा उपाय ओटो श्मिट यांनी १९३८ साली प्रसिद्ध केलेल्या सर्किटइतका जुना आहे: चालू होण्याचा थ्रेशोल्ड वेगळा आणि बंद होण्याचा वेगळा. दोहोंमधले अंतर नॉइजच्या रुंदीच्या किमान तिप्पट ठेवावे, ही माझी सवय आहे. या पॅचमध्ये चालू +०.३ व्होल्टला आणि बंद −०.३ व्होल्टला ठेवल्याबरोबर तक्रार संपली. हाती असलेल्या कंपॅरेटरला अशी सोय नसेल, तर थ्रेशोल्ड +०.३ वर ठेवून गेटचे आउटपुट ६ टक्क्यांवर कमी करावे आणि इनपुटच्या सिग्नलमध्ये मिसळावे. गेट चालू झाले की इनपुटला ०.६ व्होल्टचा आधार मिळतो आणि मूळ सिग्नल −०.३ च्या खाली गेल्याशिवाय ते बंद होत नाही.

पुष्कळ जण याऐवजी सिग्नलवर स्ल्यू लिमिटर (बदलाचा वेग मर्यादित करणारे मॉड्यूल) किंवा लो-पास फिल्टर (जलद चढउतार गाळणारा) चढवतात. हा आडमार्ग मला मान्य नाही. त्याने नॉइज कमी होतो, पण नाहीसा होत नाही. शिवाय सिग्नल सर्वत्र उशिरा पोहोचू लागतो आणि ज्या अनियमितपणासाठी नॉइज मिसळला होता तोच पुसला जातो. दोन थ्रेशोल्डमुळेही निर्णय थोडा उशिरा होतो, इथे ०.३ सेकंद, पण वाट तालावरच बदलायची असेल, तर मी सिग्नल आधी क्लॉकवर, म्हणजे तालाच्या ठोक्यावर, सॅम्पल अँड होल्ड करतो, म्हणजे त्या क्षणीचा व्होल्टेज पुढच्या ठोक्यापर्यंत धरून ठेवतो, आणि मगच कंपॅरेटरला देतो. मग निर्णय मात्रेगणिक एकदाच होतो.

सिग्नलचा पट्टा न पाहता आकडा बसवणे

०–१० व्होल्टच्या एन्व्हलपवर (स्वराबरोबर चढून उतरणाऱ्या सिग्नलवर) थ्रेशोल्ड शून्यावर ठेवला तर गेट बंद होण्याचा भरवसा नाही. ±५ व्होल्टच्या एलएफओवर तो ५ वर ठेवला तर गेट बहुधा चालूच होणार नाही. बिटविग या संगीत-सॉफ्टवेअरच्या ग्रिड या मॉड्यूलर भागात सिग्नल सामान्यतः −१ ते +१ या पट्ट्यात चालतात, त्यामुळे एका सॉफ्टवेअरमधला आकडा दुसऱ्यात जसाच्या तसा उचलू नये.

स्वरावरच थ्रेशोल्ड ठेवणे

व्हीसीव्ही रॅकमध्ये ० व्होल्ट म्हणजे मधला सी, सी-४, आणि एका सेमीटोनसाठी १/१२ व्होल्ट, म्हणजे सुमारे ०.०८३३ व्होल्ट. सी-४ आणि त्यावरचे स्वर एका आवाजाकडे पाठवायचे म्हणून थ्रेशोल्ड नेमका शून्यावर ठेवला, तर क्वांटायझर (व्होल्टेज जवळच्या स्वरावर बसवणारे मॉड्यूल) व ट्रान्सपोज (स्वर वर-खाली सरकवणारे) यांमधून आलेल्या आकड्यात दशांशाच्या पुढे कुठेतरी सूक्ष्म फरक उरतो आणि तोच सी कधी इकडे, कधी तिकडे जातो. थ्रेशोल्ड दोन स्वरांच्या मध्ये, इथे −०.०४१७ व्होल्टवर ठेवावा.

केबलचा विलंब विसरणे

व्हीसीव्ही रॅकमध्ये प्रत्येक केबल एका सॅम्पलचा विलंब आणते. क्लॉकवर बदलणारा स्वर क्वांटायझर आणि मिक्सरमधून फिरून सॅम्पल अँड होल्डकडे येतो, पण ट्रिगर, म्हणजे सॅम्पल घ्यायचा इशारा देणारा क्षणिक सिग्नल, मात्र क्लॉकवरून थेट पोहोचतो. ट्रिगर येतो त्या क्षणी इनपुटवर अजून मागचाच स्वर असतो आणि सगळी चाल एका पायरीने मागे राहते. ऐकताना हे लगेच कळत नाही, कारण स्वर सगळे बरोबर असतात, फक्त ते चुकीच्या वाटेने गेलेले असतात. घाईत असलेला नवशिका अशा वेळी सिक्वेन्स एका पायरीने सरकवून मोकळा होतो. पुढे एखादे मॉड्यूल काढले किंवा घातले की तेच दुखणे उलट्या बाजूने परत येते. मी ट्रिगरही तितक्याच मॉड्यूल्समधून फिरवतो, आणि वाट गुंतागुंतीची असेल तेव्हा त्याला सरळ १ मिलिसेकंद उशीर देतो. ४८,००० हर्ट्झला ही ४८ सॅम्पल्स होतात. एवढी ढील कोणत्याही वाटेला पुरते आणि कानाला जाणवत नाही.

दोन वाटांना दोन कंपॅरेटर

दोहोंचे आकडे किंचित जरी वेगळे राहिले, तरी मधल्या पट्ट्यात दोन्ही वाटा उघड्या राहतात किंवा दोन्ही बंद. कंपॅरेटर एकच ठेवावा आणि दुसरी वाट त्याच्या उलट्या आउटपुटवर चालवावी. गेट एकत्र करायचे असतील तर ते मिक्सरमध्ये बेरजेने जोडू नयेत. त्यासाठी लॉजिकचे ऑर मॉड्यूल, म्हणजे कोणतेही एक गेट चालू असले तरी चालू राहणारे, वापरावे.

ध्वनी थेट स्विचने तोडणे

थ्रेशोल्डवर ध्वनीचीच वाट बदलत असेल, तर स्विचच्या क्षणी लाट मध्येच तुटते आणि टिक ऐकू येते. दोन व्हीसीए (व्होल्टेजने आवाज कमी-जास्त करणारी मॉड्यूल्स) घ्यावेत, त्यांना गेट आणि त्याचे उलटे रूप द्यावे आणि त्या गेटवर ५ मिलिसेकंदांच्या आसपास स्ल्यू ठेवावा. स्ल्यूची खरी जागा ही आहे. तो स्वराच्या सीव्हीवर ठेवला, तर प्रत्येक वळणावर स्वर घसरत जाईल.

पॉलिफोनिक केबल

पॉलिफोनिक केबलमधून एकाच वेळी अनेक चॅनेल्स जातात. कंपॅरेटर प्रत्येक चॅनेलची स्वतंत्र तुलना करतो की फक्त पहिल्याच चॅनेलची, हे आधी तपासावे, आणि पुढचा स्विच तितकेच चॅनेल्स ओळखतो का, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.