थंडीतले ऊन आणि तापलेला पत्रा

डिटेलिंगच्या, म्हणजे गाडीचा रंग साफ करून, घासून चमकवण्याच्या कामात नव्याने उतरणाऱ्यांना डिसेंबर-जानेवारीचे दिवस फार सोयीचे वाटतात, कारण घाम येत नाही, पावसाची धास्ती नसते आणि स्वच्छ उन्हात रंगावरचा ओरखडा न् ओरखडा दिसतो. मलाही तसेच वाटले होते. गाडी धुणे, क्ले (रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ माती) फिरवणे, पॉलिशचे मशीन धरणे हे तुम्हाला येत असेल असे मी धरून चालतो. ज्या एका चुकीने माझे पहिले स्वतंत्र काम बिघडले, तिच्याबद्दलच सविस्तर लिहितो.

नाशिकमध्ये जानेवारीतल्या एका सकाळी साडेदहाच्या सुमारास, अंगात स्वेटर घालून, मी एका सोसायटीच्या मोकळ्या जागेत काळ्या सेडानचे बॉनेट कंपाउंड करायला, म्हणजे ओरखडे घासून काढणारी पेस्ट मशीनने फिरवायला घेतले. ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांनी "हवा गार आहे, बिनधास्त कर" एवढेच सांगितले होते. कंपाउंड पाहता पाहता वाळले आणि बॉनेटवर चुन्यासारखी पांढरी पूड धरली. मी वरून पाणी फवारले, तेही बोअरचे. मशीनचा वेग वाढवला. तरी पूड निघेना तेव्हा फडक्याने जोर लावून पुसली. मेण चढवल्यावर सावलीत गाडी आरशासारखी दिसली आणि मालकांनी पैसेही दिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावले, गाडी उन्हात उभी केली आणि बॉनेटवर उमटलेल्या मशीनच्या फेऱ्यांच्या पट्ट्यांकडे नुसते बोट दाखवले. ते काम मी दोन दिवस खपून, एक पैसाही न घेता, पुन्हा केले; पण ते बोट अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

हवा गार असली म्हणजे पत्रा गार असतो असे नाही, हे कृपया पुन्हा पुन्हा वाचा. गडद रंग ऊन शोषून घेतो, पत्रा पातळ असल्यामुळे लवकर तापतो, आणि गाडी नुकतीच चालवून आणलेली असेल तर इंजिनाची उष्णता बॉनेटला खालूनही मिळते. त्यात मशीनला लावलेल्या पॅडच्या घर्षणाची भर पडते. तुमच्या अंगाला लागणारा गारवा यातले काहीच सांगत नाही.

याहून फसवी गोष्ट मला बऱ्याच उशिरा कळली. नाशिक साधारण 20 अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या अखेरीस दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, त्यामुळे टप आणि बॉनेट भाजतात, पण दारांवर ऊन तिरपे घसरते. 22 डिसेंबरच्या आसपास मात्र भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे, क्षितिजापासून सुमारे 47 अंशांवरच असतो, आणि दक्षिणेकडच्या दारांवर जवळजवळ टपाइतकेच ऊन पडते. एकाच गाडीचे एक दार तापलेले आणि दुसरे गार, अशी स्थिती होते. तेच कंपाउंड, तोच पॅड आणि तोच वेग दोन्ही बाजूंना सारखा चालत नाही. म्हणून मी सावलीतल्या बाजूने सुरुवात करतो, मग गाडी वळवून लावतो आणि तापलेली बाजू पूर्ण निवेपर्यंत तिला हात लावत नाही.

निवली की नाही हे पाहण्यासाठी तळहात नव्हे, हाताची मागची बाजू पत्र्याला लावा, कारण काम करून तळहात निबर झालेला असतो. ही खूण मला एका वयस्क रंगाऱ्याने शिकवली. कारण न सांगता नुसते "कर" म्हणणाऱ्या उस्तादापेक्षा असा एक माणूस शोधा, असे माझे स्पष्ट मत आहे. झाडाची सावली घेऊ नका. तिथे चिकटा गळतो आणि कवडसे सरकत राहतात. चार बांबूंवर ताणलेली ताडपत्री पुरते.

घाबरून जाण्याचे कारण नाही. अशा चुकीत रंग सहसा जळत नाही, वरच्या थरावर खुणा राहतात आणि त्या निघतात. पण कारखान्यातून आलेला क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षाही पातळ असतो, आणि दुरुस्तीच्या प्रत्येक फेरीत त्यातला काही भाग कायमचा जातो. कडांवर आणि उठावाच्या रेषांवर तो आणखी पातळ असतो, तिथे टेप लावा. प्लास्टिकचा बंपर उष्णता पसरू देत नाही, त्यामुळे तिथे मशीन एका जागी क्षणभरही थांबवू नका.

ऊन वापरायचे ते तपासणीसाठी. आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून पॅनल पुसा, म्हणजे ओरखड्यांत बसलेले तेल आणि भराव निघून जातील, आणि मग गाडी उन्हात घ्या. भरावाचे पॉलिश मारून ओरखडे झाकण्याचा झटपट मार्ग तुम्हाला कोणीतरी नक्की सुचवील. तो मला अप्रामाणिक वाटतो. दोन-चार धुण्यांत तो भराव निघून जातो आणि गिऱ्हाईक पुन्हा तुमच्याच दारात उभे राहते.

सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर चढवून सुकू द्यायचा कडक संरक्षक थर, मात्र या दिवसांत उघड्यावर करूच नका. दुपारी धूळ बसते, आणि रात्री निरभ्र आकाशाखाली पत्रा हवेपेक्षाही गार होऊन त्यावर दव धरते. पुरते न सुकलेल्या कोटिंगवर ते थेंब वाळले की गोल डाग राहतात, आणि ते काढायला पुन्हा मशीनच फिरवावे लागते.