मानसिक क्रायसिसमधला पेशंट समोर आला की निर्णय कसा घ्यायचा
आधी शरीर बघा. अचानक गोंधळ, बडबड सुरू झाली असेल तर शुगर, ऑक्सिजन, ताप चेक करा, कारण कधीकधी ते डिलिरियम (शारीरिक आजारामुळे अचानक होणारा मेंदूचा गोंधळ) निघतं आणि आपण उगाच मानसिक आजाराचं लेबल लावून मोकळे. मग सरळ विचारा, मरावंसं वाटतंय का, काही ठरवलंय का, साधन हाताशी आहे का (विचारल्याने डोक्यात विचार घुसतो हा निव्वळ गैरसमज). कोलंबिया स्केलचे (आत्महत्येचा धोका तपासायची प्रश्नावली) ६ प्रश्न घ्या, पण नुसत्या स्कोअरवर ॲडमिट की घरी हे ठरवू नका, स्केलला भविष्य कळत नाही. घरी पाठवताय तर गोळ्या कोणाच्या ताब्यात, रात्री फोन कोणाला, हे पेशंटच्याच शब्दांत लिहून घ्या आणि फॉलोअप काही दिवसांतच ठेवा, महिन्याने नको, डिस्चार्जनंतरचे पहिले आठवडेच जास्त धोक्याचे असतात.