होडीची प्लाय घेण्याआधी पुठ्ठा कापा

घरी शिडाची होडी बांधायची तर खरा घोळ डिझाइन निवडताना होतो. नकाशात सगळंच सोपं दिसतं; अर्धी प्लाय कापल्यावर कळतं की एक शीट कमी पडली. आमच्या खेड्यातून मरीन प्लायसाठी (पाण्यात टिकणाऱ्या प्लायसाठी) नागपूर गाठावं लागतं, म्हणून आधी होडीचं छोटं कागदी मॉडेल असं करा.

१. १ फुटाला १ इंच धरा. प्लायची शीट ८ बाय ४ फुटांची, म्हणून लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचे ८ बाय ४ इंचांचे तुकडे कापा.

२. तळ, बाजू, आडव्या फळ्या त्यावरच आखा नि कापा. जितके तुकडे लागले, तितक्या शीट.

३. कडेला सुईने भोकं पाडून दोऱ्याने टाके घाला. 'मिरर' ही होडी १९६० च्या दशकापासून लोक घरी अशीच बांधतात, फक्त दोऱ्याऐवजी तांब्याची तार. कागद जिथे चुरगळतो तिथे प्लायही वाकणार नाही. ते डिझाइन सोडाच.

४. तयार मॉडेल मोजा, इंचाचा फूट धरा. ज्या छपरीत होडी बांधणार, तिच्या दारातून ती निघेल? ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मावेल?

पहिल्यांदा सपाट तळाची, एकाच शिडाची होडी घ्या. आपल्या विदर्भातल्या जुन्या मालगुजारी तलावांचं पाणी उन्हाळ्यात उतरतं, म्हणून होडी वाऱ्याने कडेला सरकू नये यासाठी तळाखाली पाण्यात सोडतात ती फळी वर ओढता येणारी हवी. 'ऑप्टिमिस्ट' ही होडी सुंदर आहे, पण २.३ मीटरची, पोरांसाठीच.

मॉडेल तरंगलं म्हणून होडी माणसं पेलेल असं धरू नका. नकाशात दिलेला भार बघा.