कोल्हापूर ते एडिनबरा : वॉटरकलर करणाऱ्यांसाठी थोडं कामाचं

हे मुख्यतः त्यांच्यासाठी लिहितेय, जे आपल्याकडे जीडी आर्ट किंवा बीएफए करून, लँडस्केपला हात चांगला बसलेला असताना शिकायला किंवा जोडीदाराच्या नोकरीमुळे स्कॉटलंडला येतायत. मी कोल्हापूरची, डिपेंडंट व्हिसावर एडिनबराला आले आणि इथे माझं काम इतकं बदललंय की जुनी-नवी चित्रं शेजारी ठेवली तर ओळखीचे लोक विचारतात, ही दोन्ही तुझीच का? मी काही स्टाईल बदलायची असं ठरवलं नव्हतं, इथल्या हवेनं आणि उन्हानं ती बदलली, आणि हे कसं होतं ते आधी माहीत असलं तर सुरुवातीला हात बिघडला की काय अशी भीती वाटत नाही.

सगळ्यात मोठा फरक सुकण्याचा. पंचगंगा घाटावर एप्रिलमध्ये बसलं की आकाशाचा वॉश (पातळ रंगाचा पसरट थर) खालपर्यंत येतोय तोवर वरचा कोरडा व्हायला लागतो, म्हणून आपला हात वेगावर तयार होतो. ब्रश एकदाच टेकवायचा, कडा कडक, सावली एका दमात गडद, आणि ऊन म्हणजे सोडलेला पांढरा कागद. इकडे नोव्हेंबरमध्ये सात-आठ डिग्री आणि दमट हवा, तोच वॉश ओला तो ओलाच, घाई करून दुसरा रंग टाकला की पसरतो आणि कडेला पाण्याचे डाग उठतात. घरात हेअर ड्रायर आहे, पण टेकडीवर काय करणार? मी दोन बोर्ड नेते, एक सुकत असतो तोवर दुसऱ्यावर काम चालू. शून्याखाली गेलं की वॉशमध्ये बर्फाचे कण धरतात, काही जण पाण्यात थोडी व्होडका घालतात त्यासाठी.

पण याच संथपणात खरा फायदा आहे. कागदावरची चमक नुकतीच गेलेली असते पण बोट लावलं तर गार लागतो, त्या वेळात टाकलेला रंग मऊ कडेनं हवा तिथे थांबतो. कोल्हापूरच्या उन्हात ही वेळ आली कधी नि गेली कधी कळत नाही, इथे ती आरामात मिळते, आणि माझ्या चित्रातलं धुकं, लांबच्या टेकड्या, ओले रस्ते सगळं त्या वेळात होतं. तेव्हा सुरुवातीला विषयाच्या मागे न लागता फक्त वॉश टाकून कागदाकडे बघत बसा, अगदी मनापासून सांगतेय, यासारखा अभ्यास नाही.

कागदावर मात्र पैसे खर्च करा. इतका वेळ ओला राहायचा तर ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम, जाड) शंभर टक्के कॉटन कागद लागतो. सॉन्डर्स वॉटरफर्ड कॉटनचा आहे, बॉकिंगफर्ड लाकडाच्या लगद्याचा, स्वस्त, आणि त्यावरून रंग उचलता (ओल्या ब्रशनं परत काढता) छान येतो, म्हणून सरावाला मी तोच वापरते. दोन्ही इंग्लंडमधल्या सॉमरसेटच्या एकाच मिलमध्ये बनतात. रंग घरचे आणलेत तरी चालतात, ट्यूबा भरून बॅगेचं वजन वाढवू नका.

आता उजेड. कोल्हापुरात डिसेंबरच्या दुपारी सूर्य साधारण ५० अंशांवर असतो, आणि एडिनबरात जूनमध्ये अगदी जास्तीत जास्त वर येतो तेव्हा साधारण ५७, म्हणजे इथला ऐन उन्हाळा आपल्या हिवाळ्यापेक्षा जरासाच वर. डिसेंबरात तर दुपारी जेमतेम ११ अंश, दिवस सात तासांचा. त्यामुळे सावल्या दिवसभर लांब, आणि ढगाळ असेल (बहुतेक वेळा असतंच) तर सावलीच नाही! आपली गडद सावली, पांढरं ऊन ही पद्धत इथे लागूच होत नाही, सगळा खेळ मधल्या, ना गडद ना फिकट, टोनमध्ये. माझ्या पॅलेटमधला यलो ऑकर मागे पडला, अल्ट्रामरीन निळा आणि तपकिरी बर्न्ट सिएना मिसळून केलेले ग्रे पुढे आले, कधी निळ्याकडे झुकणारे, कधी तपकिरीकडे, जुन्या शहरातल्या कोळशाच्या धुरानं काळवंडलेल्या दगडाला ते बरोबर बसतात. ट्यूबमधला तयार पेन्स ग्रे (निळसर करडा) सरसकट वापरला तर चित्र मरतं, हे माझं ठाम मत आहे. आणि उन्हाळ्यात समुद्रावरून ‘हार’ नावाचं धुकं आलं की आर्थर्स सीटची टेकडी बघता बघता गायब होते, तेव्हा स्केचबुक जवळ हवंच.

पण घरून आणलेलं सगळं सोडून देऊ नका. इथले बरेच जण सगळंच मऊ ठेवतात, त्यात आपला एक बिनधास्त गडद फटकारा चित्र उभं करतो. आर्थर मेलव्हिलची वॉटरकलर आवर्जून बघा. हा स्कॉटिश माणूस (१८५५–१९०४) आपल्या उलट दिशेनं गेला, १८८० नंतर कैरो, एडन, कराची करत बगदादपर्यंत, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं बरं का. तिकडच्या उन्हात त्याचं काम पार बदललं. चायनीज व्हाइट (पांढरा वॉटरकलर) मुरवलेल्या ओल्या कागदावर तो रंगाचे थेंब सोडायचा, आणि जवळून नुसते ठिपके दिसणारे थोडं मागे सरकलं की बाजारातली गर्दी होतात. परत आल्यावरही ती सवय त्यानं सोडली नाही. मला त्याच्याकडे बघून फार धीर आला, की दोन उजेड एका हातात राहू शकतात.

जानेवारीत एडिनबराच्या नॅशनल गॅलरीत टर्नर या इंग्लिश लँडस्केप चित्रकाराची वॉटरकलर लागतात. हेन्री व्हॉन नावाच्या संग्राहकानं मृत्युपत्रातून ३८ चित्रं देताना (ती १९०० मध्ये गॅलरीला मिळाली) अट घातली की ती फक्त जानेवारीत, फुकट दाखवायची, कारण तेव्हा उजेड कमी आणि रंग उडत नाहीत. अगदी जवळ जाऊन बघा, कुठे खरवडलंय, कुठे रंग उचललाय ते कळतं, छापील चित्रात यातलं काहीच दिसत नाही.

विकण्याबद्दल. स्टुडंट व्हिसावर स्वतःचा व्यवसाय करायला परवानगी नाही, आणि चित्रं विकणं त्यातच धरलं जाऊ शकतं, त्यामुळे आधी युनिव्हर्सिटीच्या व्हिसा टीमला विचारा. डिपेंडंटला साधारणपणे चालतं, वर्षाला १००० पौंडांपर्यंतच्या अशा कमाईला टॅक्सची सूट आहे, पण हिशोब पहिल्या चित्रापासून ठेवा. गॅलरी चाळीस-पन्नास टक्के कमिशन घेतात, किंमत लावताना ते आणि फ्रेमिंगचा खर्च दोन्ही धरा, फ्रेमिंग इथे खूप महाग पडतं. स्कॉटलंडची वॉटरकलर सोसायटी, आरएसडब्ल्यू, १८७६ पासून आहे आणि तिच्या वार्षिक प्रदर्शनात मेंबर नसलेल्यांनाही चित्र पाठवता येतं. बऱ्याच ठिकाणी पहिली निवड फोटोवरूनच होते, तेव्हा फोटो ढगाळ दिवशी खिडकीपाशी, काच बसवायच्या आधी काढा, फ्लॅश अजिबात नको, नाहीतर कागदाच्या खळग्यांत बसलेले अल्ट्रामरीनचे दाणे दिसतच नाहीत.