आंतरराष्ट्रीय संबंध शिकायला घेताय? मतदानाच्या याद्या वाचा

आंतरराष्ट्रीय संबंध विषयात एमए करायला आलेली बहुतेक मुलं पहिल्याच आठवड्यात विचारतात, अमेरिकेची सद्दी संपली का, आणि आता चीनचं राज्य येणार का? प्रश्न रास्त आहे. पण अभ्यासाची सुरुवात तिथून करू नका, हे मी कळकळीने सांगते. या प्रश्नाची उत्तरं ढिगाने मिळतात, दोन्ही बाजूंनी सारख्याच हिरिरीने दिलेली. ती वाचून वाद घालता येतो, पण व्यवस्था चालते कशी हे कळत नाही.

त्याआधी मूळ कागद वाचा. १९४४ मध्ये अमेरिकेतल्या ब्रेटन वुड्सला ४४ देश जमले, त्यातून नाणेनिधी आणि जागतिक बँक उभी राहिली. १९४५ मध्ये संयुक्त राष्ट्रांची सनद झाली. १९४७ च्या गॅट या व्यापारविषयक करारातून पुढे १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना आली. यातली सनद तर एका बैठकीत वाचून होते. तिची कलमं २(४) आणि २७ शेजारी ठेवून वाचा. एक कलम सगळ्यांना बळाचा वापर करायला मनाई करतं, दुसरं पाच देशांच्या हाती नकाराधिकार देतं. म्हणजे सत्तेशी तडजोड पहिल्या दिवसापासून आहे. ‘पूर्वी नियमांचं राज्य होतं, आता बळाचं आलं’ असं कुणी म्हणालं की हे आठवा, आणि २००३ मध्ये अमेरिकेने सुरक्षा परिषदेच्या मंजुरीविना इराकवर केलेला हल्लाही आठवा.

मला स्वतःला हा विषय खऱ्या अर्थाने उलगडला तो मतदानाच्या याद्यांमधून. २५ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनवरच्या आक्रमणाचा निषेध करणारा ठराव रशियाने सुरक्षा परिषदेत नकाराधिकार वापरून अडवला. दोनच दिवसांनी परिषदेने विषय आमसभेच्या तातडीच्या विशेष अधिवेशनाकडे सोपवला. अशा कार्यपद्धतीच्या ठरावाला नकाराधिकार लागू होत नाही, त्यामुळे रशियाचं विरोधी मत निरुपयोगी ठरलं. २ मार्चला आमसभेत १४१ देशांनी ठरावाच्या बाजूने मत दिलं, ५ विरोधात गेले, ३५ तटस्थ राहिले. चीन, भारत, दक्षिण आफ्रिका तटस्थांत होते.

आता त्याच्या शेजारी २४ फेब्रुवारी २०२५ ची यादी ठेवा. युक्रेन आणि युरोपीय देशांनी मांडलेल्या ठरावाला ९३ मतं मिळाली, १८ विरोधात गेली, ६५ देश तटस्थ राहिले. विरोधकांत रशियाबरोबर अमेरिकाही होती! दोन्ही याद्या समोर घेऊन एकेका देशापुढे खूण करा: कोण हललं, कोण जागचं हललं नाही. मग त्यांच्या प्रतिनिधींनी मतदानाचं स्पष्टीकरण काय दिलं ते वाचा. एखादा देश तटस्थ राहिला म्हणजे तो कुणाच्या तरी गोटात गेला, हा समज ती भाषणं वाचल्यावर टिकत नाही. एकाला धान्याची काळजी असते, दुसऱ्याला शस्त्रांच्या सुट्या भागांची, तिसऱ्याला शेजाऱ्याची. हा सराव कंटाळवाणा वाटेल, तरी नेटाने करा.

दुसरं उदाहरण जागतिक व्यापार संघटनेचं. देशांमधल्या व्यापारी वादांच्या निकालांवरची अपिलं ऐकणाऱ्या तिच्या अपील मंडळात सात सदस्य असायला हवेत आणि एक अपील ऐकायला किमान तीन लागतात. अमेरिकेने नव्या नेमणुकांना संमती देणं थांबवलं, सदस्यांची मुदत एकामागून एक संपत गेली आणि डिसेंबर २०१९ मध्ये मंडळ बंद पडलं. कुणी संघटना सोडली नाही, कुठला करार फाडला नाही. तेव्हापासून हरलेला देश अपील करू शकतो आणि ते ऐकायला कुणी नसल्याने निकाल लटकून राहतो. यावर २०२० मध्ये काही सदस्यांनी आपापसात तात्पुरती अपील-व्यवस्था उभी केली, आणि तिच्यात युरोपीय संघ व चीन दोघेही आहेत. स्पर्धा आणि सहकार्य एकाच कागदावर दिसतात ते असे. व्यवस्था ‘कोसळली’ की ‘टिकली’ अशा एका शब्दात उत्तर मागणाऱ्याला हे प्रकरण जरूर दाखवा.

नाणेनिधीचं थोडक्यात: मोठ्या निर्णयांना ८५ टक्के मतं लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे साडेसोळा टक्क्यांच्या आसपास आहेत, म्हणजे ती एकटीही असा निर्णय अडवू शकते. चीनकडे सहा टक्क्यांहून थोडी जास्त. चीनच्या पुढाकाराने बीजिंगमधली आशियाई पायाभूत सुविधा गुंतवणूक बँक २०१६ मध्ये सुरू झाली, ती का, हे या आकड्यांजवळ बसून विचार केलात तर लवकर उमगेल.

प्रबंधाचा विषय निवडताना ‘जागतिक व्यवस्थेचं भवितव्य’ असं काही घेऊ नका. एक संस्था, एक नियम, दहाएक वर्षांचा काळ, एवढं पुरे. चिनी किंवा रशियन वाचता येण्याइतकी शिकलात तर फार मोठी मदत होते, कारण त्या सरकारांची घरच्या वाचकांसाठीची निवेदनं आणि बाहेरच्यांसाठीची इंग्रजी निवेदनं ताडून पाहता येतात. आणि आठवड्याला एक पानभर टिपण लिहायची सवय लावा: काय घडलं, कोणत्या नियमाखाली, कुणाचं किती मत. अभ्याससंस्था असो, मंत्रालय असो वा वृत्तपत्र, नोकरीत पहिली दोन-तीन वर्षं बहुतेकदा हेच काम वाट्याला येतं.